कार बूट सेलमधला चमचा आणि त्याच्या पाठीवरचा हात

शेवंती

नमस्कार मंडळी. कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून धागा 'छंद'मध्ये टाकतेय. संपादकांना वाटलं तर हलवा.

आम्ही लीड्सला असतो. इथे रविवारी सकाळी लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनं सामान घालून मैदानात विकायला बसतात. नवऱ्याला ड्रिल मशीन हवं होतं, मी थंडीत हात चोळत नुसतीच मागे मागे. एका आजोबांकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात काटे-चमचे कोंबलेले होते. कुठलाही उचला, एक पौंड. त्यात एक चमचा हाताला भलताच जड लागला. आपल्या वाढायच्या डावापेक्षा जरा लहान, पार काळा पडलेला. आमटी वाढायला होईल म्हणून घेतला.

घरी येऊन घासला तर मागच्या बाजूला, खोलगट भाग जिथे दांड्याला मिळतो तिथे, दाटीवाटीने चार ठसे. चालणारा सिंह, मुकुट घातलेलं मांजराचं तोंड (हसू नका), एक चेपलेलं अक्षर आणि मध्ये ठिपका असलेली दोन अक्षरं. दांड्याच्या टोकाला बारीक कोरीवकाम: मनगटापासून तुटलेला हात, मुठीत बाण. पण हेही मागच्याच बाजूला! समोरून चमचा कोरा करकरीत. टोक किंचित वर वळलेलं. किचनच्या काट्यावर वजन ६४ ग्रॅम.

हा चांदीचा असेल का? हात कुणाचा? आणि चित्र पाठीवर का? नवऱ्याच्या मते कारागीर डुलक्या घेत होता.

तिरकस

एक पौंडात चांदी? ताई, जर्मन सिल्व्हर निघणार. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. वरून चांदीचं पाणी दिलं की झालं ई.पी.एन.एस. आमच्याकडे एका दुकानदाराने मुंजीच्या आहेरात 'विलायती चांदी' म्हणून असाच ट्रे खपवला होता. दोन दिवाळ्यांत कडा पिवळट दिसायला लागल्या.

आजीचा_बटवा

आणि नुसतं 'जर्मन' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम! आमची आजी 'जर्मनचं पातेलं' म्हणायची. जर्मन वेगळं, जर्मन सिल्व्हर वेगळं, आणि दोन्हींत सिल्व्हर नाही. वाचतेय, येऊ द्या.

हुपरीकर

शेवंतीताई, आमचं घर तीन पिढ्या चांदीकामातलं. विलायती माल मोडीला यायचा तेव्हा वडील आधी ठसे वाचायचे, मग कसोटीला हात. तुमच्या वर्णनावरून सांगतो.

सिंह चालतोय म्हणजे स्टर्लिंग, ९२५ टंच, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. हा सिंह १५४४ पासून आहे. मांजर नाही हो, तो बिबट्या. लंडनचा ठसा, आणि सगळ्यात जुना: बिबट्याचं तोंड मारल्याशिवाय चांदीची भांडी विकायची नाहीत हा कायदा पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली केला. पुढे माल तपासून घ्यायला सोनारांच्या संघाच्या वाड्यावर, गोल्डस्मिथ्स हॉलवर न्यावा लागे, म्हणून 'हॉलमार्क'. चेपलेलं अक्षर वर्षाचं. दरवर्षी अक्षर बदलायचं, म्हणजे टंच कमी निघाला तर त्या वर्षीच्या तपासनिसाची मान धरता यावी. दोन अक्षरं कारागिराच्या नावाची.

आता चेपलेल्या अक्षराशिवाय वय काढू.

बिबट्याला मुकुट आहे ना? तो १८२१ साली उतरवला. म्हणजे त्याआधीचा. ठशांत राजाचं डोकं नाही. १७८४ पासून चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं तोंड मारायचे, म्हणजे चमचा त्याच्याही आधीचा. दांड्याच्या मुळाशी ठसे मारायची पद्धतसुद्धा साधारण तेव्हाच संपली, नंतर ते वर टोकाकडे गेले. मुळाशी दांडा अरुंद, ठसा मारला की धातू पसरतो, मग परत ठोकून सरळ करायचा. त्यात अक्षर चेपतं. तुमचं चेपलंय ही चांगलीच खूण समजा.

खालची हद्द. १६९७ ते १७२० या काळात सिंह आणि बिबट्या दोघेही बंद होते. लोक नाण्यांच्या कडा कातरून, नाणी आटवून भांडी करायला लागले होते, म्हणून सरकारने भांड्यांचा टंच नाण्यापेक्षा वर नेला, ९५८ च्या पुढे. नाणं आटवून भांडं होईना, वरून शुद्ध चांदी घालावी लागे. त्या मालावर सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया देवी. तुमच्याकडे सिंह आहे, म्हणजे १७२० नंतर. आता एवढं बघा: मागून खोलगट भागावर दांड्यापासून निघालेली उंदराच्या शेपटीसारखी रेघ आहे का?

शेवंती

रेघ नाही. पण एक थेंबासारखा उंचवटा आहे, जिथे दांडा संपतो तिथे. आणि हुपरीकर, मी चमचा हातात घेऊन वाचत होते, अंगावर काटा आला.

हुपरीकर

मग शेपटीची फॅशन गेल्यानंतरचा. साधारण १७३० ते १७७० धरा. त्या घाटाला हॅनोव्हेरियन म्हणतात. ६४ ग्रॅम म्हणजे साडेपाच तोळे. एक पौंडात! आजोबांना सांगू नका.

दफ्तरदार

पाठीवर चित्र का, याचं उत्तर माझ्याकडे. त्या काळी टेबल मांडताना चमचे उपडे ठेवत, काट्यांचे दातेही खाली. टोक वर वळलेलं असल्याने उपडा चमचा टेबलावर नीट बसतो. पाहुण्याला दिसायची ती पाठच, म्हणून कुळाचं चिन्ह पाठीवर. १७६०-७० च्या सुमारास चमचे उताणे ठेवायची रीत आली, टोक खाली वळायला लागलं आणि चिन्ह समोर आलं. नवऱ्याला सांगा, कारागीर पुरता जागा होता.

हाताबद्दल मात्र फार स्वप्नं रंगवू नका. त्याला क्रेस्ट म्हणतात, घराण्याच्या मानचिन्हात ढालीच्या वर जो तुरा असतो तो. एकच क्रेस्ट अनेक घराण्यांत सापडतं. नुसत्या क्रेस्टवरून कूळ सांगणं म्हणजे 'पाटील' आडनावावरून गाव ओळखण्यासारखं. मोठ्या तबकांवर आख्खी ढाल कोरत, तिच्यावरून माणूस सापडतो. बाईची ढाल वेगळी: अविवाहित किंवा विधवा असेल तर ढालीऐवजी शंकरपाळीचा चौकोन.

क्रेस्टच्या वर मुकुट आहे का? असला तर मणी मोजा. बॅरनच्या मुकुटाला सहा गोळे, चित्रात चार दिसतात. अर्लला आठ, चित्रात पाच, आणि तेही उंच काड्यांवर, मध्ये पानं. ड्यूकला गोळे नाहीतच, नुसती स्ट्रॉबेरीची पानं.

शेवंती

मुकुट नाही. 😔

दफ्तरदार

मग उमराव नव्हे. जमीनजुमला असलेला गावचा खानदानी गृहस्थ, नाहीतर नवा पैसेवाला व्यापारी. वाईट वाटून घेऊ नका, चांदीची हौस त्यांचीच दांडगी होती.

थोडं अवांतर. जुन्या इंग्रजी कागदांत 'प्लेट' म्हणजे ताटली नव्हे, घरातली सगळी चांदी. आणि ही प्लेट जेवणापेक्षा पेढी म्हणून जास्त कामाची. बँका नव्हत्या तेव्हा शिल्लक पैसा चांदीत घालायचा, पाहुण्यांसमोर मांडायचा, अडचण आली की आटवायचा. यादवी युद्धात १६४२-४३ साली ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी आपली भांडी पहिल्या चार्ल्स राजाच्या हवाली केली, तिथेच टाकसाळ काढून त्यांची नाणी पाडली आणि सैन्याचे पगार भागवले. त्या युद्धाआधीची इंग्रजी चांदी आज इतकी दुर्मीळ आहे ती यामुळे. चोरांनी नाही, धन्यांनीच संपवली.

हुपरीकर

हे आमच्याकडेही तसंच की. पाटल्या मोडून तोडे, तोडे मोडून बांगड्या. लंडनच्या सोनारांच्या बिलांत दोन आकडे वेगळे असत: धातू इतके औंस, आणि त्यावर औंसामागे घडणावळ. फॅशन बदलली की जुनं मोडीत घालायचं, धातू वळता करायचा, नवी घडणावळ तेवढी भरायची. म्हणजे उमरावाच्या लेखी घडणावळ हा खर्च आणि धातू ही ठेव. आज संग्रहालयं नेमकी घडणावळीची किंमत मोजतात. धातूला विचारतंय कोण!

भांड्याच्या बुडाशी बारीक आकडे ओरखडलेले असतात, ते मूळ वजन. औंस आणि पेनीवेट (औंसाचा विसावा भाग). एक ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे औंसाचे दोन तोळे आणि वर दोन तृतीयांश. बुडावरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत थोडी घट चालते, दोनशे वर्षं घासून झिजतंच. पण बरीच घट निघाली तर कुणीतरी जुनी ढाल खरवडून काढली, नाहीतर एखादा भाग कापला.

तिरकस

हे सगळं ठीक आहे हो. पण चांदी आली कुठून? आपलीच ना? इथून लुटून नेली आणि वर त्यावर सिंह उमटवले. आता आपण एक पौंडाला परत आणतोय आणि टाळ्या वाजवतोय.

दफ्तरदार

तिरकसराव, राग समजतो, पण या बाबतीत गाडी उलट्या दिशेने चालत होती. आपल्याकडे चांदीच्या खाणी नावालाच. सतराव्या शतकात आणि अठराव्याच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनी जहाजांतून चांदी इकडे आणायची, कारण आपल्या कापडाच्या बदल्यात त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. ती चांदी मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींतली, स्पॅनिश नाण्यांच्या वाटेने आलेली. खाणीत राबणाऱ्या तिथल्या मूळ लोकांचे हाल वेगळेच. प्लासीनंतर आणि विशेषतः १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर चित्र पालटलं, इथल्याच महसुलातून इथला माल घ्यायला लागले.

म्हणून प्रश्न 'धातू कुणाचा' यापेक्षा 'भांडी घ्यायला पैसा कुठून आला' असा विचारला तर उत्तर बोचरं आहे. कॅरिबियन बेटांतले गुलामांच्या जिवावरचे उसाचे मळे, कंपनीच्या नोकरीत केलेली वरकमाई, आणि खुद्द इंग्लंडातली लाचखोरी. चहाचे डबे, साखरेची भांडी, साखर उचलायचे चिमटे: अठराव्या शतकातली अर्धी नाजूक चांदी या दोन पदार्थांसाठीच घडली आहे.

लाचखोरीवरून आठवलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मॅकल्सफील्ड संच आहे, अँथनी नेल्मेच्या कारखान्यातला, १७१९-२० चा. वाइन गार करायचं भांडं, पेले विसळायला पाण्याची तोटी असलेला उंच हंडा, आणि खाली मोठं घंगाळ. तिन्ही एकत्र टिकलेला असा संच दुसरा माहीत नाही. धनी थॉमस पार्कर, वकिलाचा मुलगा, चढत चढत लॉर्ड चान्सलर, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख झाला, १७२१ साली अर्ल ऑफ मॅकल्सफील्ड झाला. १७२५ साली न्यायखात्यातल्या जागा विकल्याबद्दल त्याच्यावर महाभियोग चालला, दोषी ठरला, ३०,००० पौंड दंड. एवढं होऊन घंगाळ मात्र घरात राहिलं, ऑक्सफर्डशायरमधल्या शर्बर्न कॅसलमध्ये, ते १९९८ साली म्युझियमने विकत घेईपर्यंत. दंड भरला, पण चांदी आटवली नाही!

खवचट_काकू

हे वाचून आमच्या तालुक्यातले काही बंगले डोळ्यांसमोर आले. नावं घेत नाही.

ओव्हरकोट

मी दक्षिण इंग्लंडमध्ये एका जुन्या वाड्यात (आता धर्मादाय संस्थेकडे आहे) आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जाते. हिवाळ्यात वाडा बंद असतो तेव्हा चांदीची सफाई. हातमोजे घालूनच, कारण घामात मीठ असतं, बोटाचा ठसा राहिला तर पुढे खोदल्यासारखा दिसतो.

बटलरच्या खोलीत त्याचा पलंग तिजोरीच्या दाराला लावलेला आहे. चोराला आधी बटलर ओलांडावा लागेल अशी सोय. हिरव्या लोकरी कापडाच्या पिशव्या, प्रत्येक भांड्याची वेगळी. एक जाडजूड वही: कुठली चांदी कधी काढली, कुणी मोजून परत ठेवली. सफाईला रूज वापरत, म्हणजे लोखंडाच्या गंजाची लालभडक बारीक पूड, आणि ती कापडाने नाही तर उघड्या अंगठ्याने घासायची, तासन् तास. सुरुवातीला फोड येत, मग कातडी घट्ट होई. वाड्यात चांदी दिपवणारी दिसते ना, ती त्या अंगठ्यांची आहे.

तुमच्या चमच्याच्या काळातली एक वस्तू मला फार आवडते. चहाचा छोटा चमचा, पण खोलगट भागाला जाळी आणि दांड्याचं टोक भाल्यासारखं. जाळीने चहावर तरंगणारा कचरा काढायचा, टोकाने किटलीच्या तोटीत अडकलेली पत्ती ढोसायची. चहा इतका महाग की डब्याला कुलूप, किल्ली मालकिणीकडे.

आणि एक गंमत. या वाड्यात माशाच्या सुऱ्या नाहीत. त्या एकोणिसाव्या शतकात निघाल्या. ज्यांची चांदी त्याआधीची त्यांच्याकडे नसणारच, ते दोन काट्यांनी किंवा काटा आणि पावाच्या तुकड्याने मासा खायचे. त्यामुळे टेबलावर माशाची सुरी दिसली की ओळखायचं, यांनी चांदी दुकानातून आणली आहे, वारशात आली नाही. १९८० च्या दशकात इथल्या हुजूर पक्षाच्या एका पुढाऱ्याला दुसऱ्याने 'स्वतःचं फर्निचर स्वतः विकत घेणारा माणूस' म्हणून हिणवलं होतं. जात तीच, फक्त लाकडाची.

माझा गाढवपणाही सांगते. घरी जुन्या चांदीच्या मुठीच्या सहा सुऱ्या होत्या. एकदा कढत पाण्यात भिजत घातल्या. मुठी पोकळ असतात, पातळ पत्र्याच्या, आत राळ भरलेली. राळ वितळली, पाती सुटून आली, मुठींतून काळं पाणी. त्या सहाही सुऱ्या अजून एका पाकिटात पडून आहेत.

आजीचा_बटवा

हुपरीकर, शेवंतीने चमचा कशाने घासावा? आम्ही देवाची चांदीची भांडी रांगोळीने घासतो.

हुपरीकर

रांगोळी नको! दगडाची पूड ती, बारीक चरे पडतात आणि कोरीवकाम बोथट होतं. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ फडकं बास. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि गरम पाणी ही युक्ती चालते, काळेपणा झटकन जातो, पण जुन्या मालाला करू नये. खाचांतला काळेपणा गेला की चित्र मेल्यासारखं दिसतं, पांढरंफटक.

मीठ आणि अंडं हे चांदीचे दोन वैरी. अंड्यातल्या गंधकाने चमचा काळा पडतो, म्हणून अंड्याच्या चमच्यांना सोन्याचा मुलामा देत. मिठाने चांदीला खड्डे पडतात, म्हणून मीठदाण्या आतून मुलाम्याच्या नाहीतर निळ्या काचेची वाटी घातलेल्या. कुठे मीठदाणी दिसली तर आत डोकावून बघा, मालकाने नोकरांवर किती लक्ष ठेवलं ते कळतं.

आणि लबाड्या. १७२० ला स्टर्लिंग परत आलं ते औंसाला सहा पेन्स कर घेऊनच. मग मोठमोठे कारागीर युक्ती करायचे: एखादी हलकी वस्तू तपासून ठसे मारून आणायची, ठशांचा तुकडा कापून मोठ्या जड भांड्याच्या बुडाला झाळून टाकायचा. कर दोन औंसाचा, माल शंभर औंसाचा. पॉल द लमेरी, इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात नावाजलेला चांदीकार, ह्यूगनॉट (फ्रान्समधून पळालेल्या प्रॉटेस्टंट) निर्वासिताचा मुलगा. तोही यातला. संघाने त्याला दंडही केलेला आहे.

हे पकडायचं कसं? भांड्यावर श्वास सोडायचा. आरशावर सोडतो तसा, तोंड उघडून, हाऽऽ. वाफ बसली की झाळेची रेघ वेगळी उमटते. दोन सेकंद दिसते आणि जाते. वडील खिडकीपाशी उभे राहून हेच करायचे, गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा भांड्याशी बोलतोय.

दफ्तरदार

लमेरीचं नाव निघालंच आहे तर. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच वॉलपोल तबक आहे, १७२८-२९ चं, लमेरीने घडवलेलं, चौकोनी. त्याची चांदी म्हणजे पहिल्या जॉर्ज राजाच्या खजिन्याची शिक्कामुद्रा. राजा मेला की मुद्रा निकामी करायची आणि तो चांदीचा गोळा ज्याच्या ताब्यात खातं होतं त्याला मिळायचा, असा रिवाज. तेव्हा खजिन्याचं खातं रॉबर्ट वॉलपोलकडे होतं, त्याने त्या गोळ्याचं तबक करून घेतलं आणि मधोमध त्याच मुद्रेचं चित्र कोरून घेतलं. शिक्का गेला तरी सत्ता कुणाकडे होती ते पाहुण्याला कळायला नको?

शेवंतीताई, तुमच्या गावातच याहून मोठा नमुना आहे. टेंपल न्यूसम हाउसला जा. तिथे लॉर्ड रॅबीचं वाइनचं घंगाळ आहे, १७०५-०६ चं, फिलिप रोलोसने केलेलं, वजन सत्तर किलोच्या आसपास. लीड्सच्या संग्रहालयांनी ते २०११ मध्ये घेतलं. रॅबी बर्लिनला राणी ॲनचा राजदूत होता. परदेशी जाणाऱ्या राजदूताला सरकारी जवाहिरखान्यातून हजारो औंस चांदी मिळायची, राजाची शान टेबलावर दिसावी म्हणून. नियमाने ती परत करायची. व्यवहारात ती बहुतेकांकडेच राहायची.

भोकरदनी

मी सहसा नुसता वाचतो, आज राहवलं नाही. लंडनला गेलेल्या एका नातेवाइकाने अॅप्सली हाउसमधून फोन केला होता. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर. तिथे चांदीच्या भांड्यांची एक खोली आहे, त्यात 'डेक्कन सर्व्हिस' नावाचा संच. तो म्हणाला, अरे, तुझ्या गावाशेजारचं नाव आहे यात.

असई आमच्यापासून जवळ, भोकरदन तालुक्यात. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी (हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) गाठ पडली. त्याचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर. पुढे वॉटर्लू जिंकूनही हा माणूस म्हणे, लढाई म्हणून आपण केलेलं सगळ्यात चांगलं काम असईचं. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला भेट द्यायचं ठरवलं. आधी सोन्याचं पात्र ठरलं होतं, मग त्याऐवजी हा जेवणाचा संच. तेव्हा तो ड्यूक नव्हता, ड्यूक १८१४ ला झाला.

आता आमच्याकडे कपाशी आणि मका. नांगरताना लोखंडाचा गोळा निघाला असं जुनी माणसं सांगायची. एका बाजूला आमचं काळं रान आणि दुसऱ्या बाजूला ते झगमगीत टेबल, मध्ये एकच शब्द सामाईक.

तिरकस

भोकरदनी, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. मी माझी वरची बडबड मागे घेत नाही, पण शब्द संपले.

दफ्तरदार

+१. आणि शंभर वर्षांनी काय झालं बघा. त्याच शिंद्यांच्या घराण्यातले ग्वाल्हेरचे माधवराव महाराज. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची आगगाडी बसवली, इंग्लंडहून करून आणलेली. डब्यांवर शिंदे नाव, प्रत्येक अक्षराला एक डबा, आणि आत ब्रँडी व सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, ठेवली की पुढे जाते. इंग्रज उमराव त्या टेबलावर बसत तेव्हा त्यांच्याच देशात घडलेली चांदी त्यांना वाढायला येई. असईचा विषय कुणी काढत असेल असं वाटत नाही.

मुलुंडचा_मोर

उशिरा आलो. पुढच्या लेखनाला शुभेच्छा, शेवंतीताई. एक शंका: एवढी खानदानी चांदी बिस्किटाच्या डब्यापर्यंत आली कशी?

ओव्हरकोट

हळूहळू, मोरोपंत. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, इथल्या शेतीचे भाव पडले, खंड घटले. पूर्वी घराण्याच्या वस्तू विकायला वारसाला बंदी असे, तो फक्त सांभाळणारा. १८८२ च्या कायद्याने कोर्टाच्या परवानगीने विकायची वाट मोकळी झाली. १८९४ मध्ये मोठा मृत्युकर आला, आणि दोन महायुद्धांनंतर तो कुठच्या कुठे गेला. १९५० मध्ये डेव्हनशरचे दहावे ड्यूक वारले तेव्हा त्यांच्या चॅट्सवर्थच्या इस्टेटीवर ८० टक्के कर लागला, त्यात त्यांचाच दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सरकारला द्यावा लागला. वाडा जिथे टिकत नाही तिथे चमच्यांचं काय. मोठं तबक लिलावात जातं, बारा चमचे पुतण्यांत वाटले जातात, एक चमचा कुणाच्या तरी टेबलाच्या खणात राहतो. घरातल्या शेवटच्या म्हातारीच्या मागे खण डब्यात रिकामा होतो.

शेवंती

मंडळी, अपडेट.

काल टेंपल न्यूसमला गेलो. घंगाळ बघून मुलगी म्हणाली, आई, यात मी आंघोळ करू शकते. खरंच करू शकेल.

रात्री सगळे झोपल्यावर हुपरीकरांचं ऐकून खिडकीत उभी राहिले, चमचा उपडा धरला आणि हाऽऽ केलं. झाळ वगैरे काही नाही. पण बाणाच्या हाताभोवती दुसरंच काहीतरी आलं. पहिल्यांदा वाटलं माझ्याच बोटाचं. पुसून परत केलं. परत आलं. पंख. हाताच्या दोन्ही बाजूंनी उघडलेले पंख, खाली पंजासारखं काहीतरी. दोन सेकंद, आणि गेलं. सहा-सात वेळा केलं. नवरा उठून आला, मी अंधारात चमच्यावर फुंकतेय बघून काही न बोलता परत गेला.

आता उजेडात बोट फिरवलं की तिथे किंचित खळगा लागतो. आधी माहीत असतं तर लागला असता का कुणास ठाऊक.

हुपरीकर

ताई, अभिनंदन! पहिल्या धन्याचा पक्षी खरवडला आणि दुसऱ्याने आपला हात कोरून घेतला. खळगा त्याचाच. चमचा मुळात ६४ ग्रॅमपेक्षा थोडा जास्त भरला असणार. बाजारात अशा मालाची किंमत कमी होते बरं का. मला विचाराल तर मी जास्त देईन.

तिरकस

म्हणजे बाणवाला सेकंडहँड सरदार! चांदी विकत घेतली आणि वारशाची दाखवली. ओव्हरकोट, याच्याकडे माशाच्या सुऱ्या असत्या.

ओव्हरकोट

😂 त्याचा जन्म जरा लवकर झाला, म्हणून वाचला.

दफ्तरदार

पक्षी विकणाऱ्याचंही कुणीतरी एक वाक्य लिहा. जुगार, मुलीचं लग्न की कर्ज?

खवचट_काकू

तिन्ही.

शेवंती

सध्या चमचा साखरेच्या डब्यात आहे. नवरा म्हणतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. मी म्हटलं, अडीचशे वर्षं वापरात होता, आता काय कोंडून घालायचं. साखरेने काही होत नाही ना, हुपरीकर?

हुपरीकर

साखरेत खुशाल राहू द्या. शेजारची मिठाची बरणी तेवढी दुसऱ्या फळीवर हलवा. घाईत चुकून त्यात जातो.